कळकाचे काटे आणि पत्र्याचे बिल्ले

कळकाच्या, म्हणजे काटेरी बांबूच्या, बेटात ज्याने कधी हात घातला आहे, त्याला त्याच्या बुडाशी असलेले काट्यांचे जाळे सांगायला नको. आडव्यातिडव्या काटेरी फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की कोयता आत घालताना मनगट सोलवटून निघते. ह्या काट्यांवरून सुमारे पन्नास वर्षांपूर्वी कर्नाटकात एक वाद झाला. विद्यापीठातल्या संशोधकाने जंगलात जाऊन काय करायचे असते, हे मला त्या वादाइतके स्वच्छ दुसऱ्या कशातून समजलेले नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या दांडेलीला 1950 च्या दशकात कागद कारखाना उभा राहिला. हल्याळ, जोयडा हा सगळा मुलूख आपल्याला परका नाही. तिथल्या घरांत मराठी-कोकणी आजही कानावर पडते. कारखान्याला सरकारी जंगलातला बांबू टनाला दीड रुपया दराने मिळत होता. सुपे-टोपल्या विणणारे मेदार, म्हणजे आपल्याकडचे बुरूड, तोच बांबू बाजारात शेकडो पटींनी महाग घेत होते. काही वर्षांत बेटे विरळ झाली. मेदारांच्या हाताला काम उरेना आणि त्यांनी सरकारदरबारी गाऱ्हाणे घातले.

कारण शोधायचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या माधव गाडगीळ यांच्याकडे आले. पुण्यात वाढलेले, हार्वर्डला गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट केलेले गाडगीळ 1973 मध्ये संस्थेत रुजू झाले होते. बांबूच्या ऱ्हासाचा दोष तेव्हा गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला जात होता. कारखान्याचे आणि वनखात्याचे म्हणणे असे, की आम्ही शास्त्रशुद्ध तोड करतो. त्या शास्त्रशुद्ध तोडीत एक पायरी होती बेटाच्या बुडातले काटे साफ करण्याची. काट्यांच्या गर्दीत नव्या कोंबांना वाव मिळत नाही, ते साफ केले की कोंब जोमाने वाढतात, असा त्यांचा समज होता.

रानाजवळच्या गावकऱ्यांनी गाडगीळांना उलटे सांगितले: काटे काढता म्हणून बांबू मरतो. ऐकून सोडून द्यावे असे हे म्हणणे नव्हते, पण ऐकले म्हणून मान्य करावे असेही नव्हते. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी बेटे निवडून वर्षानुवर्षे कोंब मोजले. किती उगवले, किती जगले, किती खाल्ले गेले, सगळे मांडले. गावकऱ्यांचे खरे निघाले. पावसाळ्यात वर येणारा कोवळा कोंब म्हणजे साळिंदर, वानर, गुरे आणि माणसे, सगळ्यांच्याच आवडीचा खाऊ. काट्यांचे जाळे हे त्याचे कुंपण होते, आणि ते शास्त्राच्या नावाने साफ होत होते. शिवाय कागदोपत्री जेवढा बांबू उभा दाखवला होता, तेवढा जंगलात नव्हताच.

मला ह्यात मोठी वाटते ती मोजणी. गावकऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे उचलून भाषण ठोकणे सोपे असते, आणि अडाणी म्हणून झटकणे तर त्याहून सोपे. ते तपासायला रानात पाय झिजवावे लागतात.

गाडगीळांनी विज्ञान संस्थेत 1983 मध्ये परिसरशास्त्राचे केंद्र उभे केले, आणि मोजणीची सवय पुढच्या पिढीत उतरली. निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलैच्या जंगलात 1988 मध्ये हत्तींचे अभ्यासक रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 हेक्टरांचा तुकडा आखून घेतला. एक किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद. छातीच्या उंचीवर ज्याचे खोड एक सेंटिमीटर जाड आहे, म्हणजे करंगळीएवढे रोपसुद्धा, त्याला क्रमांकाचा बिल्ला बांधायचा, जात लिहायची, जागा नकाशावर मांडायची. पहिल्याच मोजणीत 25 हजारांहून अधिक झाडे भरली. मग दरवर्षी परत जायचे आणि प्रत्येक बिल्ल्यापाशी थांबून पाहायचे: झाड जिवंत आहे का, मेले असेल तर वणव्याने की हत्तीने.

वारंगाचे झाड तिथे पुष्कळ होते. हत्तींना ते फार आवडते. हत्ती त्याची साल सोलतात, खोड मोडतात. थोड्याच वर्षांत वारंगाची संख्या झपाट्याने उतरली, आणि ही घट झाडागणिक नोंदलेली आहे. जंगल ‘कमी झाले’ किंवा ‘वाढले’ असे आपण सहज बोलून जातो. तिथे कोणते झाड गेले, कधी गेले आणि कशाने गेले हे वहीतून काढून दाखवता येते. एखाद्या अभ्यासकाचा प्रबंध चार-पाच वर्षांत संपतो. ही वही तीस वर्षांवर चालली आहे, कारण ती संस्थेने चालवली.

   

आपल्याकडे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा विषय घ्यावा लागतो. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा आदेश आहे. विषयासाठी प्रकल्पही करावा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवला जातो. मुलांचा ह्यात दोष नाही. त्यांना कोणी रानात नेलेलेच नसते.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. आपल्या महाविद्यालयामागे टेकडी असेल, ओढा असेल, गावची देवराई असेल. त्यातला एक हेक्टर ह्या दिवाळीनंतर आखून घ्या. मोजपट्टी, पत्र्याचे बिल्ले आणि एक जाड वही, एवढेच सामान लागते. गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या, झाडांची नावे त्याला विचारा. पहिल्या पानावर तारीख घाला, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ती वही विभागाच्या कपाटात ठेवा.