एका कानसेनाचा आठवडा

तानसेन होणे सगळ्यांच्या नशिबी नसते. निदान कानसेन तरी व्हावे, असे आपण सहज म्हणून जातो. पण कानसेन होणे हेही काही कमी मेहनतीचे काम नव्हे! खोटे वाटत असेल, तर डिसेंबरच्या थंडीत हडपसरला या आणि आमच्या शेजारच्या गृहस्थांचा एक आठवडा पाहा.

हे गृहस्थ एका कारखान्याच्या यंत्रशाळेतून निवृत्त झालेले. वर्षभर मितभाषी; परंतु सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची पत्रिका वर्तमानपत्रात आली की त्यांचा नूर पालटतो. शाल, कानटोपी, सतरंजी, थर्मास आणि दशम्यांचा डबा अशी पिशवी आठ दिवस आधीच भरून तयार! ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांच्या वाटा आमच्या हडपसरला वेगळ्या होतात. एक दिवे घाटाकडे वळते, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणीकडे जाते. तेव्हा वारकऱ्यांची तयारी आम्ही दर वर्षी पाहतो. पण वहिनी म्हणतात, "वारकऱ्यांचं ओझंसुद्धा ह्यांच्यापेक्षा हलकं असतं हो!"

वारीची उपमा काही अगदीच गैर नाही. हा उत्सव गुरुभक्तीतूनच जन्मला. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. ते १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो पुढे चालवला. २०११ साली भीमसेनही गेले आणि गुरूच्या नावाशेजारी शिष्याचे नाव जोडले गेले. पुष्कळ वर्षे हा मेळा रमणबाग शाळेच्या पटांगणावर भरे. २०१८ साली तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आला आणि आम्हा हडपसरकरांची शनिवार-नारायणाच्या गर्दीतली पायपीट वाचली. गाडीतळावर स्वारगेटची बस धरावी, की झाले!

बुधवारी सनईचे सूर निघण्यापूर्वी गृहस्थ जागा धरून बसलेले असतात. जागा ठरलेली : मंडपाच्या डाव्या अंगाला. गुरुवारी घसा बसतो, शुक्रवारी कंबर कुरकुर करते. पण नागा नाही. शनिवार त्यांच्या लेखी सर्वांत मोलाचा. त्याचे कारण मात्र समजून घेण्याजोगे आहे.

पूर्वी या उत्सवाच्या बैठका रात्रभर चालत. मालकंस, दरबारी ऐन मध्यरात्री ऐकावेत आणि ललत, तोडी ऐकत उजाडताना घरी परतावे, हा शिरस्ता. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक बंद! आजाऱ्यांच्या आणि परीक्षार्थींच्या दृष्टीने नियम योग्यच. परंतु आपले राग प्रहरांना बांधलेले, त्यामुळे घड्याळाबरोबर गाणेही बदलले. आता बैठका दुपारी सुरू होतात. भीमपलास, मुलतानी, मारवा यांना दिवस चांगले आले. पहाटेचे राग मात्र मैफलीला दुर्मीळ झाले. शनिवारी तेवढी बारा वाजेपर्यंत मुभा मिळते, म्हणून उशिराच्या रागांना जरा श्वास घेता येतो.

आता त्या डाव्या बाजूच्या जागेविषयी. यंत्रांच्या खडखडाटात उभी हयात गेलेल्या माणसाच्या कानातील सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच, बारीक आवाज. गृहस्थांचा डावा कान असाच मंद झाला. त्यांना ते प्रथम कळले, तेही तंबोऱ्यामुळे. घोडीवर तारेखाली बारीकसा दोरा सरकवला की तारेतून जो चमकता झंकार उठतो, ती जवारी; डाव्या कानाला ती ऐकू येईनाशी झाली! म्हणून ते डावीकडे बसतात, म्हणजे उजवा कान रंगमंचाकडे राहतो. यंत्र लावून पाहिले. पण ते माणसांच्या बोलण्यासाठी घडवलेले. सूर त्यातून कोरडे, पत्र्यासारखे येतात, अशी त्यांची तक्रार. म्हणून गाणे सुरू झाले की यंत्र खिशात!

आमच्या तरुण मंडळींनी यातून एक बोध जरूर घ्यावा. २०१४ साली आमच्या अमनोरात वीकएंडर नावाचा बँडांचा मोठा मेळा झाला होता. असे मेळे शहरात आता पुष्कळ होतात. अवश्य जावे, मात्र कर्ण्याला चिकटून उभे राहू नये. कानात बोळे घालण्यात कमीपणा नाही. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती कानाची तक्रार समजावी.

गेल्या वर्षी शनिवारी वहिनीही पिशवी उचलून निघाल्या. त्यांना गाण्यातले फारसे कळत नाही, असे त्या स्वतःच सांगतात. "निवेदक रागाचं नाव सांगतो, ते ह्यांना ऐकू येत नाही. शेजारच्याला किती वेळा विचारायचं?" प्रत्येक गायकाच्या आधी त्या रागाचे नाव नीट ऐकत आणि यजमानांच्या उजव्या कानाशी पुटपुटत. रात्री रिक्षातून परतताना मात्र त्यांनीच विचारले, "तो शेवटचा कोणता हो? उद्या असेल का पुन्हा?"

रविवारी अखेरीस, प्रथेप्रमाणे, सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाते. सारा मंडप स्तब्ध होतो. त्या काळच्या मुद्रणयंत्रांना उंच, बारीक आवाज फारसे टिपता येत नसत. जवारीची ती चमक त्या तबकडीत मुळातच थोडी उतरलेली. आमचे गृहस्थ त्या वेळी मान वळवीत नाहीत, समोर तोंड करून बसतात. पाच दिवसांत तेवढे एकच गाणे त्यांना शेजारच्या माणसाइतकेच पुरते ऐकू येते.