शाई वाळत नाही

स्टॉलवर दिवाळी अंकांचा गठ्ठा चाळताना एखाद्या मुखपृष्ठावर बोट अडतं. बाकी कव्हर मॅट, मऊ. फक्त अंकाचं नाव किंवा पणतीची ज्योत चकचकीत आणि बोटाला किंचित उंच लागणारी. छापखान्यात याला ‘स्पॉट यूव्ही’ म्हणतात. कोटेशनात त्याची एक वेगळी ओळ असते आणि संपादक मंडळी हमखास त्याच ओळीवर घासाघीस करतात. ती चकाकी कव्हरवर पडली तेव्हा पातळ द्रव होती. दिव्याखालून कव्हर सरकलं, डोळ्याचं पातं लवेपर्यंत द्रवाचं टणक प्लास्टिक झालं. छापखान्यातला माणूस म्हणेल, ‘लगेच वाळलं.’ पण वाळणं म्हणजे काहीतरी उडून जाणं. इथे काहीच उडालं नाही. जेवढा द्रव पडला, जवळजवळ तेवढंच घन मागे राहिलं.

हा फरक समजायला नाक पुरेसं आहे. चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, ते बहुतेक सॉल्व्हंट शाईने छापलेले असतात. नवा फ्लेक्स उलगडला की उग्र भपकारा येतो. शाईतलं द्रावक हवेत जातं आणि रंग प्लास्टिकवर उरतो. वर्तमानपत्राची शाई मुख्यतः कागदात मुरते. पण काच, अॅक्रिलिक, पत्रा, औषधाच्या पाकिटाची फॉइल यांत मुरायला जागा नसते, आणि द्रावक उडेपर्यंत थांबायला कारखान्यात वेळ नसतो. अशा ठिकाणी यूव्ही शाई लागते.

पुण्यातल्या एका छापखान्यात अशी फ्लॅटबेड इंकजेट मशीन मी एक अख्खी दुपार बघत उभा होतो. टेबलावर पारदर्शक अॅक्रिलिकची पाटी, वर रुळावर डावी-उजवीकडे पळणारी कॅरेज, कॅरेजमध्ये छपाईची हेडं आणि हेडांच्या दोन्ही बाजूंना दिवे. दिव्यांचा रंग पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा. आपल्या मराठी विश्वकोशाने या यूव्ही किरणांना ‘जंबुपार’ म्हटलंय. शाळेतल्या पुस्तकातला ‘अतिनील’ रुळला आणि हा गोड शब्द मागे पडला, याचं मला वाईट वाटतं. जांभळ्याच्या पलीकडचे ते जंबुपार. या मशीनमधल्या एलईडींची तरंगलांबी ३९५ नॅनोमीटर, म्हणजे अगदी त्या सीमेवरची. म्हणून थोडा रंग दिसतो आणि बराचसा दिसत नाही. ऑपरेटरने मला लगेच दटावलं, “सर, दिव्याकडे बघू नका. मंद वाटतो, पण डोळ्याला चांगला नाही.” त्याचं बरोबर होतं. दिसतो फिका, म्हणून माणूस टक लावून बघत राहतो, आणि धोका नेमका तिथेच आहे.

हेडाच्या पोटात पिझो स्फटिक असतात. अशा पदार्थांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. छपाईत ते उलटं वापरलं जातं: वीज दिली की स्फटिक आकार बदलतो आणि नोझलमधून थेंब ढकलतो. एक थेंब साधारण दहा पिकोलिटरचा. चहाच्या चमचाभर शाईत असे पन्नास कोटी थेंब मावतात. एवढ्या बारीक भोकातून उडायची तर शाई पातळच हवी, म्हणून हेडात ती कोमट करून आणखी पातळ करतात. आणि पातळ शाई गुळगुळीत काचेवर पडली की पसरणार, शेजारच्या थेंबात मिसळणार, अक्षराची कड फुगणार. नोझलमध्ये पाण्यासारखं राहायचं आणि पाटीवर पडताच दगड व्हायचं, अशी दोन्ही कामं एकाच शाईकडून हवी असतात.

ती हे कसं करते, ते लहानपणीच्या साखळीच्या खेळावरून सांगता येईल. मैदानात मुलं सुटी धावताहेत. शाईतले मोनोमरचे रेणू तसेच. एकावर राज्य येतं. तो दुसऱ्याला पकडतो, दोघं हात धरून तिसऱ्याला पकडतात, साखळी लांबत जाते आणि शेवटी मोकळं धावणारं कुणी उरत नाही. शाईत राज्य घेणाऱ्या रेणूचं नाव फोटोइनिशिएटर. योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला की तो फुटतो, त्यातून मुक्त मूलक तयार होतात आणि पकडापकडी सुरू होते. काही रेणूंना दोनच्या जागी तीन-चार हात असतात, त्यामुळे साखळीचं जाळं होतं. जाळं झालेली शाई मग कुठल्याही द्रावकात विरघळत नाही.

या खेळात एक खोडकर मूल असतं ते म्हणजे हवेतला ऑक्सिजन. तो मूलकांना स्वतःकडे ओढून घेतो आणि साखळी तोडतो. त्यामुळे शाईचा थर आतून घट्ट पण वरून चिकट राहू शकतो. बोट लावलं तर ठसा उमटतो. उपाय अनेक: दिव्याची ताकद वाढवा, शाईत अमाइनसारखी रसायनं घाला, किंवा दिव्याखाली नायट्रोजन सोडून ऑक्सिजनलाच बाहेर काढा. शेवटचा उपाय उत्तम, पण सिलिंडरचं बिल बघून बहुतेक मालक पहिल्या दोनांवर भागवतात.

रसायन टणक करायला प्रकाश वापरायची कल्पना आली तीही छपाईच्याच नादातून. फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्स यांना छापील चित्रांच्या नकला प्रकाशाकडून करून घ्यायच्या होत्या. त्यांनी धातूच्या पत्र्यावर डांबरासारख्या बिट्युमेनचा पातळ थर दिला. जिथे ऊन लागलं तिथे तो कडक झाला, आणि न लागलेला भाग त्यांनी लॅव्हेंडरच्या तेलाने धुऊन टाकला. १८२६-२७ च्या सुमारास त्याच पद्धतीने त्यांनी आपल्या खिडकीतून दिसणारी छपरं पत्र्यावर उतरवली. ते जगातलं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं छायाचित्र. त्याला तासन्तास ऊन खावं लागलं. जंबुपार किरणांचा शोध त्याआधीच, १८०१ मध्ये, जर्मनीत येना इथे योहान विल्हेल्म रिटर यांनी लावला होता. वर्णपटातल्या जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना अंधार होता, तिथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत वेगाने काळं पडत होतं.

छापखान्यांत शाई टणक करायचं काम वर्षानुवर्षं पाऱ्याच्या दिव्यांनी केलं. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की २५४, ३१३, ३६५, ४०५, ४३६ नॅनोमीटर अशा अनेक ठिकाणी प्रकाश पडतो. आखूड लांबीचे किरण वरच्या थरात शोषले जातात आणि पृष्ठभाग टणक करतात, लांब किरण खोल उतरून तळ पकडतात. दोन्ही एकाच दिव्यात. पण या दिव्याचे नखरे फार. लावल्यावर तापायला काही मिनिटं, आणि बंद केला तर गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, म्हणून मध्ये थांबायचं झालं तर दिवा चालू ठेवून शटर पाडायचं. उष्णता इतकी की पातळ प्लास्टिक वाकडं होतं. ओझोन तयार होतो तो वेगळाच, त्यासाठी छतातून डक्ट काढावा लागतो. साधारण हजार-दोन हजार तासांत दिवा बदलायचा, आणि जुन्यातल्या पाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. पाऱ्याचा वापर घटवण्यासाठीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये अमलात आला. २०१८ मध्ये भारतानेही तो मान्य केला.

एलईडीने हे नखरे संपवले. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद, आयुष्य पाऱ्याच्या दिव्याच्या दसपट किंवा त्याहून जास्त. ज्या गॅलियम नायट्राइडवरच्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच घराण्यातले हे दिवे. पण एलईडी एकाच लांबीभोवती प्रकाश देतो: ३६५, ३८५, ३९५ किंवा ४०५. पृष्ठभाग टणक करणारे आखूड किरण त्यात नाहीत. त्यामुळे दिवा बदलला की शाईही बदलावी लागली. शाई आणि दिवा ही लग्नगाठ आहे. पाऱ्याच्या दिव्यासाठी बनवलेली शाई नुसत्या एलईडीखाली घातली तर ती बरेचदा चिकटच राहते. स्वस्त शाईचा कॅन आणून पस्तावलेला मालक बहुधा हेच विसरलेला असतो.

नव्या शाईत ३९५ ला जागे होणारे फोटोइनिशिएटर आले. त्यांतलाच एक टीपीओ. नेलपॉलिशच्या जेलमध्येही तोच असायचा, पण प्रजननाला अपायकारक ठरवल्यामुळे युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. साखळीत न अडकता सुटे राहिलेले रेणू त्रास देतात, हे आधीही दिसलं होतं. २००५ मध्ये इटलीत लहान बाळांच्या दुधात आयटीएक्स नावाचा फोटोइनिशिएटर सापडला. छपाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूला होती. पण रीळ गुंडाळताना बाहेरची बाजू आतल्या बाजूला टेकते, तिथून अंश आत उतरला आणि लाखो लिटर दूध बाजारातून मागे घ्यावं लागलं. म्हणून खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी आता वेगळ्या शाया बनतात. कच्च्या शाईतल्या अॅक्रिलेटची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभराची. तरी माझ्यासमोर एक पोरगा उघड्या हाताने कॅन भरत होता. ऑपरेटर ओरडल्यावर त्याने हातमोजे घातले.

सगळ्यांत अडून बसते ती पांढरी शाई. पारदर्शक अॅक्रिलिकवर रंग खुलायला खाली पांढरा थर लागतो. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड, म्हणून ते तळाशी बसतं, आणि मशीन रात्रभरसुद्धा पांढरी शाई घोळवत राहते. शिवाय ते जंबुपार किरण स्वतःच गिळतं. जाड पांढरा थर वरून दगड आणि खाली कच्चा राहिला की कडेला नख लावताच पापुद्रा निघतो.

ऑपरेटरला विचारलं, मशीन सर्वांत जास्त कशाने बिघडते? तो हसला. “आरशाने.” मागच्या वर्षी सलूनच्या आरशावर नाव छापायचं काम आलं. दिव्याचा प्रकाश आरशावर आपटून वर गेला आणि नोझलच्या तोंडाशी असलेली शाई तिथेच टणक झाली. वाळलेली शाई द्रावकाने सुटते, जाळं झालेली सुटत नाही. एका हेडाची किंमत लाखाच्या पुढे. आता चकचकीत माल आला की तो आधी प्रकाशाची वाट तपासतो, दिवा हेडापासून लांब सरकवतो, हेड फार वर उचलत नाही. खिडकीच्या काचेलाही त्याने काळा कागद चिकटवलाय, दुपारचं ऊन मशीनवर येऊ नये म्हणून. शाईचे कॅनही काळेच.

मग त्याने मला एक गंमत दाखवली. एकच निळा चौकोन दोनदा छापला. पहिल्यांदा थेंब पडताच दिवा. चौकोन मॅट निघाला, कारण थेंब उंचवटे म्हणूनच गोठले. दुसऱ्यांदा दिवा मागून उशिरा. थेंबांना पसरायला क्षणभर वेळ मिळाला आणि चौकोन काचेसारखा चमकला. शाई तीच, पाटी तीच. मोठ्या वेगवान मशीनवर तर दोन टप्पे असतात: आधी मंद प्रकाशाने थेंब जागेवर धरायचा, त्याला पिनिंग म्हणतात, आणि शेवटी प्रखर दिव्याखाली सगळं पक्कं करायचं.

शेवटी पाटी तयार झाली. त्याने ब्लेडने शाईवर उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकटी पाडल्या, त्यावर पारदर्शक टेप दाबली आणि सटकन ओढली. टेप उजेडाकडे धरून बघितली. कोपऱ्यातल्या दोन चौकटी टेपवर आल्या होत्या, पांढऱ्या. “तळ कच्चा आहे,” तो म्हणाला. पाटी बाजूला ठेवली, पांढऱ्याचा वेग कमी केला आणि नवी पाटी टेबलावर लावली.