तर्क नकोत, माहिती द्या

आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मधूनमधून ‘हा मुलगा हरवला आहे, सर्वांना पाठवा’ असा फोटो येतो. आपण कळवळ्याने तो पुढे पाठवतो. तिथवर ठीक. पण तासाभरात ‘घरी भांडण झालं असेल’, ‘कुणाबरोबर तरी गेली असेल’ असे तर्क सुरू होतात. त्यातून काय होऊ शकते, हे दाखवणारी अमेरिकेतील एक खरी घटना सांगतो.

ब्राउन विद्यापीठातील भारतीय वंशाचा २२ वर्षांचा एक विद्यार्थी मार्च २०१३ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरातून बेपत्ता झाला. घरच्यांनी शोधासाठी फेसबुकवर पान उघडले. महिन्याभराने, १५ एप्रिलला, बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. १८ एप्रिलला एफबीआयने दोन संशयितांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यातला एक या मुलासारखा दिसतो, असे कुणाला तरी वाटले. रेडिट आणि ट्विटरवर रातोरात त्याचे नाव पसरले. शोधाच्या पानावर शिव्याशाप येऊ लागले, म्हणून घरच्यांनी ते बंद केले, तर लोकांनी तोच पुरावा मानला! पत्रकारांचे फोन रात्रभर वाजत राहिले.

सकाळी खरे संशयित दुसरेच असल्याचे उघड झाले. रेडिटने नंतर जाहीर माफी मागितली. २३ एप्रिलला त्या मुलाचा मृतदेह नदीत सापडला. त्या मुलाचे नाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही. त्याच्या घरच्यांनी पुरेसे सोसले आहे.

हे लोक दुष्ट नव्हते. बहुतेकांना मदतच करायची होती. पण ‘दिसतो तसाच’ आणि ‘तोच आहे’ यांत फार अंतर असते. आम्ही बँकेत आयुष्य काढले. संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर आधी व्हाउचर तपासायचे, बंडले पुन्हा मोजायची, हा नियम. कॅशियरकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे, आणि बहुतेक वेळा चूक बेरजेत निघायची. तोवर बोललेला शब्द मात्र परत घेता येत नसे.

मग आपण काय करावे?

• तक्रारीसाठी २४ तास थांबावे लागते, हा गैरसमज आहे. लगेच पोलीस ठाण्यात जावे किंवा ११२ वर फोन करावा. लहान मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.
• हरवलेले मूल १८ वर्षांखालील असेल तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे.
• संदेश पुढे पाठवण्याआधी तारीख पाहावी, आणि दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी.
• काही पाहिले असेल तर ते पोलिसांना किंवा घरच्यांना सांगावे, ग्रुपवर नव्हे.
• मूल सापडले की फोटो आपणहून काढून टाकावा. जुना फोटो वर्षानुवर्षे फिरत राहिला, तर त्या मुलाला पुढे शाळेत, नोकरीत, लग्नाच्या वेळी त्याचा त्रास होतो.

आपली वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची, सगळे एकमेकांना ओळखणारे. अशा ठिकाणी एक वाक्य संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात पोहोचते. ज्या घरातले मूल बेपत्ता आहे, त्या घरी जाऊन बसावे, डबा पोहोचवावा, पोलीस ठाण्यात सोबत जावे. त्यांना आपल्या तर्कांची नाही, सोबतीची गरज असते.