‘आधी दारू सुटू दे, डोक्याचं मग बघू’

एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात पाहिली नाही, असा माणूस आपल्याकडे विरळाच. घराघरांतलं वाक्यही ठरलेलं: ‘आधी त्याची दारू सुटू दे, डोक्याचं मग बघू.’ गैरसमजांची सुरुवात इथूनच होते.

गैरसमज: व्यसन म्हणजे वाईट सवय, मनाचा आजार निराळा.
कायदाही असं मानत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच आहे. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. त्यामागे होत्या डॉ. अनिता अवचट, पेशाने मनोविकारतज्ज्ञ.

गैरसमज: एक बरं झाल्यावरच दुसऱ्याला हात घालावा.
सगळ्यात महाग पडतो तो हा. झोप नाही, छातीत धडधड, म्हणून एक क्वार्टर. झोप लागते, पण पहाटे तीनला टक्क जाग येते आणि धडधड दुप्पट. दुसऱ्या रात्री दीड क्वार्टर. यातलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, सांगा!

नुसती दारू सोडवलेला माणूस उदासी तशीच घेऊन घरी येतो आणि तीच त्याला पुन्हा गुत्त्यावर नेते. नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या आणि पिणं चालू राहिलं, तर ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून गोळ्याच बदनाम. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी, शक्यतो एकाच ठिकाणी उपचार हवेत. दारूमुळेच आलेली उदासी बऱ्याच जणांत पिणं थांबल्यावर दोन-चार आठवड्यांत ओसरते. ओसरली नाही, तर तो स्वतंत्र आजार असण्याची शक्यता मोठी. हे आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली जायला हवेत. जीव द्यायचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये.

गैरसमज: खोलीत कोंडा, चार दिवसांत आपोआप सुटेल.
रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर हात थरथरतात, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भास, बरळणं सुरू होऊ शकतं. यात माणूस दगावतोही. घरचे मात्र ‘नाटकं करतोय’ म्हणून दाराला कडी लावून बसलेले असतात.

गैरसमज: गोळी गुपचूप आमटीत घातली की झालं.
दारू सोडवायला वापरतात ती डायसल्फिराम पोटात असताना प्यायलं, की चेहरा लालभडक होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हृदयविकार असलेल्याला हे झेपत नाही. भास होणाऱ्या रुग्णाचा आजार तिने बळावूही शकतो. पिणाऱ्याला न सांगता ती देऊच नये.

गैरसमज: मनोरुग्णाला निदान सिगारेट तरी ओढू द्या.
सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन ही मनोविकारावरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. सिगारेट अचानक सोडली, तर नेहमीचाच डोस जास्त होऊ शकतो. (करामत धुराची आहे, मळलेल्या तंबाखूने असं होत नाही.) म्हणून सिगारेट सोडणार असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६, व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६. फोन कुठेही लावा, पण पिण्याबद्दल सांगताना झोपेचं आणि उदासीचंही सांगा.