अंतर किलोमीटरचे, हिशेब तासांचा



जेऊर स्टेशनावर उभे राहिले की रुळाच्या एका टोकाला मुंबई आणि दुसऱ्या टोकाला चेन्नई, म्हणजे जुने मद्रास. या दोन शहरांतील अंतर रेल्वेने साधारण १,२८० किलोमीटर. पण गाडीला वेळ किती लागेल, हे नुसत्या किलोमीटरवरून सांगता येत नाही. ते का, हे आपण समजून घेऊ. कारण आपल्या उसाचा हिशेबही त्यातच आहे.

सोलापूरपर्यंत रेल्वे आली ती १८६० साली. गंमत अशी की, तेव्हा बोरघाटातली लाइन झालेली नव्हती. मुंबईची गाडी घाटाच्या पायथ्याशी थांबायची. उतारूंनी पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची! १८६३ साली घाटातली लाइन सुरू झाली आणि ही अडचण सरली. पुढे १८७१ मध्ये रायचूरला मुंबईकडची व मद्रासकडची लाइन एकमेकींस मिळाली.

दुसरे उदाहरण घरचेच. एकेरी लाइनवर समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचे. “गाडी क्रॉसिंगला लागली” हे आपण किती वेळा ऐकले असेल! इंजिनात जोर असून गाडी जाग्यावर उभी. भाळवणी ते वाशिंबे हा आपल्या जेऊरवरून जाणारा टप्पा २०२२ मध्ये दुहेरी झाला, तेव्हा अंतर तेच राहिले, पण ताटकळणे कमी झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत ४५५ किलोमीटर साधारण साडेसहा तासांत कापते. म्हणजे सरासरी ताशी ७०. मोकळ्या रुळावर ती याहून पुष्कळ जोरात पळते. घाट आणि थांबे सरासरी खाली ओढतात.

आता हाच हिशेब उसाला लावून बघा. समजा, आपले शेत कारखान्यापासून २० किलोमीटर आहे. भरलेला ट्रॅक्टर ताशी १० ने आला तरी दोन तास. पण तोडलेला ऊस फडात आठ तास पडला आणि यार्डात दहा तास उभा राहिला, तर प्रवास वीस तासांचा झाला. म्हणजे सरासरी ताशी एक किलोमीटर! ट्रॅक्टर कितीही पळवला तरी वाचणार किती?

तोडलेला ऊस थांबला की सुकतो, आणि काट्यावर वजन होईपर्यंत जेवढा सुकला तेवढे सभासदाचे गेले. शिवाय उसातली साखर फुटून तिचा दाणा धरत नाही, उतारा घसरतो. एफआरपी उताऱ्यावरच ठरते; म्हणून एकाच्या शिळ्या उसाचा फटका सर्वांना बसतो. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडला पाहिजे, तो याकरिता.

यार्डातली रांग आवरणे हे कारखान्याचे काम आहे, ते आम्ही नाकारीत नाही. सभासदांनी एवढे करावे: तोडीचा निरोप मिळाल्याशिवाय कोयता लावू नये, तोडलेला ऊस त्याच दिवशी भरून द्यावा, ऊस जाळू नये आणि फडापासून सडकेपर्यंतची वाट हंगामापूर्वीच दुरुस्त करावी. चिखलात रुतलेली ट्रॉली म्हणजे आपल्या घरचा बोरघाटच होय.