भरलीं अंडीं : घरीं करण्याची रीत आणि तारखेचें महत्त्व

सन 1962 मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्यानंतर भोसरी-चिंचवडकडील व पुढें चाकण-महाळुंगे बाजूच्या कितीएक जमिनी कारखान्यांखालीं गेल्या, हें आमच्या सभासदांस सांगावयास नको. त्या नोंदी लिहितां लिहितांच आमची नोकरी सरली. जमीन गेली तरी परड्यांतलें खुराडें मात्र पुष्कळ घरीं शिल्लक आहे, आणि कामगारांच्या वसाहतींतून गांवठी अंड्यांस गिऱ्हाईकही आहे. विकून उरलेल्या अंड्यांची भुर्जी होते, फार तर रस्सा होतो. आमच्या घरीं त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली. तो करतांना आमच्या हातून दोन चुका घडल्या. पहिली हंसण्यावारी गेली. दुसरीनें धाकट्या नातवास एक रात्र दवाखान्यांत काढावयास लावली. त्या कोणाच्या घरीं पुन्हां घडूं नयेत म्हणून हा लेख.

या पदार्थास इंग्रजींत 'डेव्हिल्ड एग्ज' म्हणतात. डेव्हिल म्हणजे सैतान. अठराव्या शतकांत इंग्रज लोक फार तिखट, मसालेदार केलेल्या जिनसांस हें नांव देऊं लागले. आमच्या मिरचीच्या मुलुखांत या न्यायानें रोजची आमटीही सैतानीच ठरेल! पदार्थाचें मूळ मात्र त्याहून जुनें आहे. प्राचीन रोममध्यें मेजवानीचा आरंभ अंड्यानें होत असे व उकडलेल्या अंड्यांवर मसाल्याचें कालवण घालीत. कलकत्त्यास 'डिमेर डेव्हिल' मिळतो, तो निराळा. त्यांत उकडलेल्या अंड्यास मसाल्याचें सारण लावून तळतात. आपल्याला येथें तळणें नाहीं. अंडें कठीण उकडावें, उभें चिरावें, बलक काढून मसाल्यांत कालवावा आणि पुन्हां त्याच खळग्यांत भरावा, इतकेंच.

परंतु 'इतकेंच' म्हणून आम्हीं पहिल्या दिवशीं फसलों. पाहुण्यांस उत्तमांतलें उत्तम द्यावें म्हणून त्याच सकाळीं घातलेलीं बारा अंडीं शेजारणीकडून आणलीं, उकडलीं आणि सूनबाई सोलावयास बसल्या. कवचाबरोबर पांढरा भागही निघूं लागला. बारांपैकीं चार अंडीं धड निघालीं. बाकीचीं उंदरानें कुरतडल्यासारखीं दिसत होतीं. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, अंडीं खराब निघालीं वाटतें." अंडीं खराब नव्हतीं, फार ताजीं होतीं. नव्या अंड्याच्या पांढऱ्यांत कर्बवायु साठलेला असतो व त्यामुळें तो पांढरा आंतल्या पडद्यास घट्ट चिकटतो. दिवस जातील तसा तो वायु कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा क्षारगुण वाढतो आणि सोलणें सोपें होतें. भरल्या अंड्यांसाठीं सात ते दहा दिवसांचें अंडें घ्यावें. बाकी सर्व पदार्थांत ताजेपणाची थोरवी गाइली जाते. येथें उलट आहे.

मग अंड्याचें वय कळावें कसें? आम्ही अंडें आणलें कीं त्यावर शिसपेन्सिलीनें तारीख घालतों. घरांतलीं मुलें हंसतात. म्हणतात, कचेरी सुटली पण शिक्का सुटला नाहीं. तारीख नसेल तर पाण्याची कसोटी आहे. ताजें अंडें तळाशीं आडवें पडतें, आठवड्याचें एका टोकानें उचललें जातें, फार जुनें उभें राहतें. जें वर तरंगतें तें टाकून द्यावें. आंतलें पाणी उडून बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढते, त्याचा हा परिणाम होय. खुडूक कोंबडीखालून काढलेलें अंडें मात्र या कामास कदापि घेऊं नये. साठवणीचीं अंडीं धुऊन ठेवूं नयेत. त्यांवरचें नैसर्गिक आवरण जातें. उकडण्यापूर्वीं धुवावीं.

पाणी आधीं उकळावें आणि मग पळीनें अंडीं हळूच सोडावीं; गार पाण्यांत घालून तापविल्यास सोलणें जड जातें. पुण्याकडील भाग समुद्रसपाटीहून साडेपांचशें मीटरांवर असल्यानें येथें पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतें, म्हणून मुंबईकरांपेक्षां मिनिटभर अधिक द्यावें. पोल्ट्रीच्या अंड्यास 12 मिनिटें, लहान गांवठी अंड्यास 10. लगेच माठाच्या गार पाण्यांत टाकावीं. अधिक वेळ उकळल्यास पांढऱ्यांतील गंधक व बलकांतील लोह यांचा संयोग होऊन बलकाभोंवतीं हिरवट कडें येतें. तें विषारी नव्हे, पण दिसावयास वाईट.

सहा अंड्यांच्या बलकास तीन मोठे चमचे चक्का, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, मिऱ्याची पूड व चमचाभर फेसलेली मोहरी पुरे. विलायतेंत चक्क्याच्या जागीं मेयोनीज घालतात, म्हणजे कच्च्या बलकांत थेंबथेंब तेल घोटून केलेलें कालवण. कच्च्या बलकाचा धोका असल्यामुळें घरीं केलेलें मेयोनीज आम्ही वापरीत नाहीं. मोहरीची खुबी आपल्या लोणचें घालणाऱ्या बायकांस ठाऊक आहे: ती गार पाण्यांत वाटून दहा मिनिटें तशीच ठेवावी, तेव्हां ती नाकांत चढते; लिंबू आधींच पिळलें किंवा ऊन पाणी घातलें तर ती मिळमिळीत राहते. बलक गांठ न राहील असा चाळणींतून काढावा. चाकणचा कांदा कितीही नांवाजलेला असला तरी सारणांत घालूं नये. त्याला पाणी सुटतें. वरून पातीचे बारीक तुकडे आणि ब्याडगी मिरचीची चिमूटभर पूड टाकावी. रंग येतो, तिखटपणा बेताचा राहतो.

आतां दुसरी चूक. वैशाखांतला दिवस होता. मुलाचे कारखान्यांतले सोबती संध्याकाळीं यावयाचे होते. घाई नको म्हणून सकाळीं नवांसच चोवीस फोडी भरून झांकून ठेविल्या. वीज गेली होती म्हणून फ्रिज उघडला नाहीं. ताट माजघरांत राहिलें. चारांस पाहुणे येण्यापूर्वींच नातवानें चार-पांच फोडी खाल्ल्या. रात्रीं वांत्या सुरू झाल्या. डॉक्टरांनीं विचारलें, "आजोबा, केव्हां केलेलें होतें?" आम्हीं सांगितलें, "सकाळीं नवांस." "आणि खाल्लें केव्हां?" "चारांस." त्यांनीं कांहीं न बोलतां सलाईन लाविलें. कवचावर तारीख घालणारे आम्ही, पण ताटावर वेळ घातली नव्हती. पोर दुसऱ्या दिवशीं खेळूं लागलें. आमच्या मनांतून तें ताट अद्याप गेलेलें नाहीं.

सोललेलें, चिरलेलें, हाताळलेलें अंडें हें जंतूंना दुधाइतकेंच प्रिय. साल्मोनेलासारखे जंतु उष्म्यांत झपाट्यानें वाढतात आणि वास किंवा चव बदलतेच असें नाहीं. म्हणून भरलेलीं अंडीं बाहेर दोन तासांहून अधिक ठेवूं नयेत. उन्हाळ्यांत पारा 32 अंशांवर गेला असेल तर एकच तास. न सोललेलीं उकडलेलीं अंडीं फ्रिजमध्यें आठवडाभर टिकतात. भरलेलीं दोन दिवसांच्या आंत संपवावीं. आम्ही आतां अंडीं आदल्या दिवशीं उकडतों आणि बलक पाहुणे अंगणांत आल्यावर कालवितों.

सोलतांना जीं फुटतात त्यांचें काय, असें कोणी विचारील. तीं किसून त्याच सारणांत मिसळावीं. कवचें फेंकूं नयेत; उन्हांत वाळवून, बारीक कुटून कोंबड्यांच्या दाण्यांत मिसळावीं. त्यांना चुना मिळतो. कवचाचा आकार मात्र ओळखूं येतां कामा नये, नाहीं तर कोंबड्यांस स्वतःचींच अंडीं फोडून खाण्याची खोड लागते.