जुन्या कॅसेटचे मोल

जुन्या वस्तूचे मोल कशावर ठरते, हा प्रश्न चंडीगढमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाला फार काळ टाळता येत नाही. ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेल्या या नगरातील कचेऱ्या, ग्रंथालये आणि विद्यापीठ यांच्यासाठी त्यांचे चुलतबंधू पिएर झानरे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या काळात सागवानी, वेताने विणलेल्या खुर्च्या घडवून घेतल्या. पुढे वेत फाटले, पाय डगमगू लागले, तेव्हा या खुर्च्या गच्च्यांवर रचल्या गेल्या आणि निर्लेखित सामान म्हणून किरकोळ भावाने लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस व लंडन येथे त्यांच्यावर लाखांच्या बोली लागल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने असल्या सामानाच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली. परंतु १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे वस्तू सामान्यतः शंभर वर्षांची झाल्यावाचून तिला पुरावस्तू म्हणता येत नाही. आणि शंभर वर्षे तर या नगरालाच अजून झालेली नाहीत.

खुर्च्यांची ही कथा सांगण्याचे कारण असे की, आज मला जिच्याविषयी बोलावयाचे आहे ती वस्तू सध्या त्याच गच्चीवरच्या अवस्थेत आहे. ती म्हणजे व्हिडिओ गेमची कॅसेट. ज्या श्रोत्यांचे बालपण १९९० नंतरच्या दशकात गेले, त्यांच्या घरच्या माळ्यावर जुन्या दूरदर्शन संचाच्या तारांबरोबर ती अजूनही सापडण्याचा संभव आहे.

या कॅसेटींतील सर्वांत परिचित खेळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा होय. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला हा खेळ निंटेंडो कंपनीने सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात विक्रीस काढला. मिशाळ मारिओ डावीकडून उजवीकडे धावतो, विटांवर उड्या मारतो, खड्डे चुकवितो, कासवे तुडवितो. असल्या उड्यांच्या खेळांना प्लॅटफॉर्म गेम असे नाव आहे. आठ जगे, बत्तीस टप्पे आणि कोजी कोंदो यांचे संगीत, एवढा सारा संसार अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मांडलेला आहे. आजच्या फोनवरील एक साधे छायाचित्रही याच्या अनेकपट जागा अडविते. जागा वाचविण्यासाठी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांना एकच चित्र वापरले आहे. बदलला आहे तो केवळ रंग. सरकारी टिपणे लिहिणाऱ्या आम्हां मंडळींनी ही काटकसर अवश्य अभ्यासावी.

या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे ही वस्तू दुर्मिळ मुळीच नव्हे. असे असून एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावपेढीत तिची एक प्रत ६,६०,००० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने पाच कोटी रुपयांच्या आसपास विकली गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका प्रतीला वीस लाख डॉलर मिळाले. हे मोल खेळाचे नव्हते. तो खेळ कोणी खेळलाच नाही, याचे होते. १९८६ च्या नाताळात भेट देण्यासाठी घेतलेली ती पहिली प्रत मेजाच्या खणात विसरून राहिली आणि तिच्या खोक्यावरचे वेष्टन अभंग राहिले. जाणकार संग्राहक खोके बंद कसे केले आहे तेही बारकाईने पाहतात. अगदी आरंभीची खोकी पारदर्शक वेष्टनात नसून लहान चिकटचकतीने बंद केलेली असत, म्हणून त्यांचा मान मोठा. परीक्षण करणाऱ्या संस्था दहापैकी गुण देतात आणि प्रत पारदर्शक पेटीत कायमची मोहोरबंद करतात. म्हणजे पुस्तक विकत घ्यावे ते न उघडण्याच्या अटीवर! या बाजाराविषयी पुढे शंका निघाल्या, परीक्षण करणाऱ्या एका संस्थेविरुद्ध २०२२ मध्ये तेथील न्यायालयात दावा दाखल झाला, आणि भावही पुष्कळ उतरले.

हे ऐकून कोणी माळ्याची शिडी शोधू लागले असतील, तर त्यांना थांबविणे माझे कर्तव्य आहे. आपल्याकडच्या कॅसेटींचे कुळ निराळे आहे. निंटेंडोच्या १९८३ च्या जपानी यंत्रात बसणाऱ्या कॅसेटीला धातूचे साठ दात असतात, अमेरिकन यंत्राच्या कॅसेटीला बहात्तर. आपल्या घरांत जी यंत्रे आली त्यांतील बहुतेक त्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. म्हणून आपल्या कॅसेटी साठ दातांच्या, आणि त्याही बहुधा परवान्यावाचून तयार झालेल्या. कॅसेट उघडली म्हणजे आत चौकोनी चिपऐवजी डांबराच्या थेंबासारखा काळा राळेचा ठिपका दिसतो. पडद्यावरच्या आरंभीच्या चित्रातून मूळ कंपनीचे नाव अनेकदा खरवडून टाकलेले असते. ‘९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटीत वस्तुतः मोजकेच खेळ असतात. तेच खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून संख्या फुगविलेली असते. लिलावपेढीच्या लेखी या मालाची किंमत जवळजवळ शून्य.

येथे मला बाजाराशी वाद घालावासा वाटतो, आणि त्यासाठी पुन्हा खुर्च्यांकडे यावे लागते. या खुर्च्यांच्या पाठीवर कुणा कारकुनाने रंगाने कचेरीचे नाव आणि नोंदवहीतील क्रमांक लिहिलेला असतो. सौंदर्यदृष्टीने तो डागच. पण खुर्ची खरी चंडीगढची, हे सिद्ध करणारा तोच पुरावा ठरला, आणि आता नकली खुर्च्या करणारे ती अक्षरेही रंगवितात. आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा आपले नाव, गाव आणि शक घालीत असे. त्या चार ओळी नसत्या तर पोथीचा काळ ठरविणे किती अवघड झाले असते, हे संशोधक जाणतात. आपल्या कॅसेटीवर कारखान्याचे नाव बहुधा नसते, वर्षही नसते. परंतु भाड्याने कॅसेटी देणाऱ्या दुकानाचा क्रमांक असतो, आणि शाईच्या पेनाने लिहिलेले एखाद्या मुलाचे नाव व इयत्ता असते. परीक्षक यासाठी गुण कापील. मी म्हणेन, हीच या पोथीची पुष्पिका.

पोथीचे साम्य आणखीही आहे. कॅसेटीतील मजकूर एका लहान यंत्राने वाचून मूळ खेळाशी ताडून पाहता येतो, आणि नकलाकारांनी कोठे काय बदलले याचे पाठभेद हाती लागतात. कोणती नक्कल कोणत्या नकलेवरून झाली, याची वंशावळ त्यावरून मांडता येते. खेळाचा स्वामित्वहक्क अर्थात मूळ कंपनीचाच. अभ्यासाच्या नावाखाली प्रती वाटत सुटणे योग्य नव्हे.

माळ्यावर कॅसेट सापडलीच, तर लेखणीची अक्षरे पुसू नयेत आणि लहानपणी मारीत होतो तशी फुंकरही मारू नये. श्वासातील ओलाव्याने दात गंजतात. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते हलके पुसणे पुरे. कॅसेट कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, विकत की भाड्याने घेतली, एवढे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. घाई करण्याचे कारण त्या काळ्या ठिपक्यात आहे. राळेखालील चिप बिघडली तर ती काढून दुसरी बसविता येत नाही, आणि इकडचा कबाडी, म्हणजे आपला भंगारवाला, प्लॅस्टिक किलोने घेतो.